बुकेतली शतावरी

माझ्या शतावरीला पानंच नाहीत, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. ती मुळात शतावरीच नाही, हे त्यानंतर पाच मिनिटांनी कळलं. मधली पाच मिनिटं मी पार्ल्यातल्या एका बाल्कनीत, हातात भिंग धरून, तोंड उघडं ठेवून गप्प बसले होते. मला ओळखणाऱ्यांचा झाडावर विश्वास बसतो, या गप्प बसण्यावर बसत नाही.

आधी झाड सांगते. बोरिवली पूर्वेला आमचा तळमजल्याचा ब्लॉक आहे. मागचं दार उघडलं की सोसायटीच्या भिंतीपर्यंत सहा-सात हात रुंद मातीची पट्टी, आणि तिच्यावर शेजारच्या प्लॉटमधल्या फणसाची सावली. सकाळी आठ ते दहा ऊन येतं, तेही फणसाच्या पानांतून गाळून. मग दिवसभर नुसता उजेड. अशा जागेत गुलाब रुसून बसतो. मोगरा पानांवर पानं काढतो आणि कळीचं नाव घेत नाही. मी सगळे लावून, सगळ्यांसाठी रडून, सगळे उपटून झाले होते. टिकली ती एकटी हीच. लांबून बघितलं तर भिंतीपाशी कुणी हिरवा धूर सोडलाय असं वाटतं. बारीक काड्या, काड्यांना आणखी बारीक काड्या, त्यांवर केसासारख्या हिरव्या सुया, आणि सगळा पंखा आडवा पसरलेला, थरावर थर. वारा पडलेला असला तरी ही हलतच असते, लग्नघरातल्या आत्याबाईसारखी.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिशीला टेकले होते आणि फार हुशार होते. एवढी हुशार मी नंतर कधीच झाले नाही. इंग्रजी घेऊन बी.ए., सेकंड क्लास. त्यातलं 'सेकंड' मी इतक्या घाईनं म्हणत असे की ऐकणाऱ्याला फक्त 'क्लास' ऐकू यावं. आमच्या घरात सासरे गिरणीतून बाहेर पडलेले, सासूबाई मालवणकडच्या, दोन शब्द जोडून वाचणाऱ्या, आणि मी मोठी सून, ऑफिसला जाणारी. घरात इंग्रजी पत्र आलं की ते माझ्यासमोर ठेवत. पोस्टमनसुद्धा माझ्याशी अदबीनं बोलतो असं मला वाटायचं. तो सगळ्यांशीच बोलायचा.

एकदा नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोप समारंभातला एक बुके आमच्या घरी आला. फुलं दोन दिवसांत मान टाकून बसली, पण त्यांच्यामागे खोचलेला तो हिरवा धूर आठवडाभर ताजा. मी ती काडी कुंडीत लावली, खतपाणी केलं, रोज तिच्याशी बोलले. आठव्या दिवशी तिच्या सगळ्या सुया एकदम गळून पडल्या. मग स्टेशनबाहेरच्या हारवाल्याला जाऊन विचारलं, "याला काय म्हणतात?"

"स्पॅरागस," तो म्हणाला.

घरी येऊन मी इंग्रजी-मराठी कोश उघडला. त्यात ॲस्परॅगससमोर छापलं होतं: शतावरी.

मी अक्षरशः टाळी वाजवली. शतावरी! बाळंतिणीला दूध आणणारी, वैद्यांच्या तोंडी असलेली शतावरी, आणि हे येडे लोक तिला झेंडूमागे खोचतात! मग मी नर्सरीत गेले, "ॲस्परॅगस द्या" असं उच्चार सांभाळून म्हटलं, आणि कुंडी घेऊन आले. कोश बरोबर होता, हारवाला बरोबर होता, नर्सरीवालासुद्धा बरोबर होता. त्यांना जोडणारी मधली बाई तेवढी चुकली होती.

सासूबाईंनी कुंडीभोवती एक फेरी मारली. पंखा बोटानं उचलून बघितला, सोडला.

"ह्यां शतावरी न्हय गो," त्या म्हणाल्या. "शतावरेची मुळां बोटांसारखी आसतत. एक झाड खणलां तर टोपली भरता. ह्यां हारवाल्याचा गवत."

मी कोश आणला. ज्या बाईनं लहानपणी रानातून शतावरी खणून आणली होती, तिच्यापुढे मी ते पान धरलं आणि ओळीखाली बोट फिरवलं. "तुमच्याकडची जात वेगळी असेल, आई. हे बघा, इथं छापलंय."

त्यांनी छापलेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "छापलां हा? मगे आसात," म्हणाल्या आणि आत जाऊन नारळ खवायला बसल्या. मला वाटलं, पटलं.

झाड मात्र मी मन लावून वाढवलं, तेवढं श्रेय द्या. कुंडीतून पट्टीतल्या मातीत हलवलं. पहिल्या वर्षी पुढच्या दारी, दुपारच्या उन्हात ठेवलं होतं, तर पिवळं पडून सुयांचा सडा. मग फणसाखाली सरकवलं, तिथं ते खुललं. माती हाताला ओलसर लागावी पण पाणी साचू नये, एवढंच त्याचं मागणं. पावसाळ्यात खाली विटांचे तुकडे घालून जागा उंच केली, नाहीतर मुळं कुजतात. काडी खोचून ते लागत नाही, हे मी बुकेच्या वेळी शिकलेच होते. गड्डा उपटून सुरीनं दोन भाग करायचे, दोन्हींना मुळं राहतील असे, मग दोन्ही जगतात. म्हातारी पिवळी काडी बुडातून कापली की तीन नवी येतात, टोकं वाकवून, लाजल्यासारखी. कधी कधी इवलीशी पांढरी फुलं आणि मग काळपट जांभळी फळं. पस्तीस वर्षांत मी त्याच्या किती फाळण्या केल्या आणि किती बायकांना दिल्या, आठवतसुद्धा नाही. प्रत्येकीला सांगितलं, "शतावरी आहे हो, जपा."

आता वाईट भाग. झाड आल्याच्या दुसऱ्या वर्षी माझी धाकटी जाऊ बाळंत झाली. मुलगा. दूध पुरेना, पोर दिवसभर किरकिर करी. मी लगेच खुरपं घेऊन मागच्या दारी. मुळं निघाली ती सुतळीसारखी. एका क्षणासाठी मला सासूबाईंची टोपली आठवली, पण मी बी.ए. होते. मी स्वतःला सांगितलं, मुंबईच्या मातीत सगळंच बारीक निघतं, माणसंसुद्धा. मुळं धुतली, ठेचली, दुधात उकळली, गाळली, साखर घातली. रोज पहाटे तो पेला जावेच्या उशाशी झाकून ठेवायचा आणि मी ऑफिसला पळायचं. महिनाभर. पोरगं बघता बघता बाळसं धरायला लागलं. आज तो पुतण्या सहा फुटांवर आहे, आणि ती उंची माझी कामगिरी म्हणून मी त्याच्या लग्नातसुद्धा दोघातिघांना सांगितलं होतं.

कीर्ती पसरली. दुसऱ्या मजल्यावरची एक बाळंतीण आली, तिलाही दिलं. तिनं चार दिवस घेतलं आणि चारही दिवस संडासात काढले. मी तिला काय सांगितलं असेल? "घाबरू नका, शरीर शुद्ध होतंय." हे वाक्य मी खरंच म्हटलं होतं. तिच्या दारात, कमरेवर हात ठेवून. आता आठवलं की मला त्या कमरेवरच्या हाताची सगळ्यांत जास्त लाज वाटते.

एवढा इतिहास पाठीशी घेऊन मी आजी झाले.

गेल्या दिवाळीनंतर लेक बाळंतपणाला माझ्याकडे होती. उशिराचं मूल, सिझेरियन, मुलगी. जावई बंगळूरला नोकरीत, शनिवार-रविवार यायचे. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झालीत. म्हणजे घरात आम्ही तिघी, त्यातली एक अडीच किलोची. बाविसाव्या दिवशी डॉक्टरांकडे वजन केलं, तर वाढायचं सोडून किंचित घटलेलं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, अंगावर पाजत राहा, प्रत्येक वेळी पाजून झालं की वरून पावडरचं दूध द्या, आठवड्यानं परत आणा. डबा लिहून दिला. लेकीनं तो येताना घेतलासुद्धा.

घरी आल्यावर मी तो डबा तिच्या हातून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत वरच्या फळीवर, पोह्यांच्या पिंपामागे ठेवून दिला.

"आई, हे काय?"

"तीन दिवस दे मला. घरात शतावरी असताना डबा? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?"

खरंच, कुठले लोक? पण मी ऐकते होय. "तुझ्या काकूला विचार. महिनाभर घेतलं, पोरगा बघ केवढा झाला. दारातून वाकून येतो."

"काकापण वाकूनच येतात, आई."

मी खुरपं उचललं. लेक बाळाला खांद्यावर टाकून मागच्या दारात आली. डोळे सुजलेले, रात्रीची झोप नाही, गाऊनचं एक बटण चुकलेलं. त्या अवस्थेत तिनं एका हातानं मोबाइल काढला आणि माझ्या झाडाचा फोटो घेतला.

"आई, थांब. खणू नकोस. हे शतावरी नाहीये."

"कोण म्हणतं?"

"ॲप."

"तुझ्या ॲपला काय कळतंय? परवा त्यानं माझ्या शिरवाळ्यांना नूडल्स म्हटलं."

"ॲस्परॅगस फर्न, म्हणतंय. शोभेचं झाड."

"बघ! ॲस्परॅगस म्हणजेच शतावरी. मी इंग्रजी घेऊन बी.ए. आहे."

"फळं विषारी, असं लिहिलंय."

"मी फळं देतेय का? मूळ देतेय."

लेक दाराच्या चौकटीला टेकली आणि रडायला लागली, आवाज न करता. बाळ तिच्या खांद्यावर किरकिरत होतं. मग ती म्हणाली, "तुला वाटतं मला पाजता येत नाही. मलापण तेच वाटतंय. पण मी हे पिणार नाही."

मी खुरपं खाली ठेवलं. भांडणात लेक मला हरत नाही, आणि मी तिला. म्हणून आमच्यात अटी ठरतात. अट तिनंच घातली. तिच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई निवृत्त होऊन पार्ल्यात राहतात. उद्या सकाळी झाडाची फांदी आणि मूळ घेऊन मी त्यांच्याकडे जायचं. त्या शतावरी म्हणाल्या, तर लेक काढा पिणार, तोंड वाकडं न करता. नाही म्हणाल्या, तर डबा खाली.

"आणि बाटली तू करायचीस," लेक म्हणाली. "माझ्या हातात आणून द्यायची नाही. तू स्वतः करून, स्वतः पाजायचीस."

"चालेल," मी म्हटलं. इतक्या खात्रीनं म्हटलं की मला तिची दया आली.

एक गोष्ट इथं लिहूनच टाकते, नाहीतर पुढे धीर होणार नाही. तिला टाके होते. स्टुलावर चढायची तिला मनाई होती. ती फळी मी उगीच निवडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओल्या वर्तमानपत्रात फांदी आणि मुळं गुंडाळून मी मेट्रोनं गुंदवलीला उतरले, तिथून रिक्षानं पार्ल्याला. बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, ठेंगण्या, केस कापलेले. चहा विचारला नाही. मला बाल्कनीत बसवलं, वर्तमानपत्र उलगडलं, फांदी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "वा, काय तब्येत आहे! सावलीतली दिसतेय. कुणी वाढवली?"

"मी," म्हटलं. पाठ ताठ झाली माझी.

त्यांनी मला भिंग दिलं. "बघ. काय दिसतंय?" मला सरळ अगं-तुगं. बरं वाटलं.

"पानं."

"पानं नाहीत ती."

मी भिंगातून मान वर काढली. "म्हणजे?"

"काड्याच आहेत त्या. काडीला फुटलेल्या आणखी बारीक काड्या. हिरव्या झाल्यात आणि पानाचं काम करतात. खरं पान हे बघ, बुडाशी." त्यांनी टाचणीचं टोक टेकवलं. तिथं कोंड्याएवढा एक कोरडा, तपकिरी खवला होता. "हे हिचं पान. कामातून निवृत्त झालेलं. जाड दांड्यावर याचाच काटा होतो."

पस्तीस वर्षं मी जिची पानं पुसली, जिची पानं पिवळी पडली म्हणून नवऱ्याशी भांडले, तिला पानंच नाहीत! तीच ती मघाशी सांगितलेली पाच मिनिटं.

"आता मोज," बाई म्हणाल्या. "एका झुबक्यात सुया किती?"

मी टाचणीनं एक एक बाजूला करत मोजल्या. "दहा... अकरा... बारा."

"दुसरा झुबका."

"अकरा."

"शतावरीत दोन ते सहा. त्याही कोयत्यासारख्या वाकलेल्या, आणि अशा एका पातळीत पंख्यासारख्या पसरत नाहीत. मूळ दाखव." मी सुतळी पुढे केली. त्यांनी ती बोटांवर गुंडाळली, मुलीच्या वेणीची रिबन गुंडाळावी तशी. "शतावरीचं मूळ करंगळीएवढं जाड, दोन्ही टोकांना निमुळतं, घोसानं लागतं. ही बुकेवाली. चांगली आहे, सुंदर आहे, पण शतावरी नव्हे."

"पण दोघींना ॲस्परॅगसच म्हणतात ना?"

"आडनाव सारखं म्हणून माणूस तोच का गं?"

मी खुर्चीवर होते म्हणून बरं. कोशातला तो एक शब्द, माझ्या बोटाखालचा, म्हणजे आडनाव होतं. आणि मी त्या आडनावाच्या भलत्याच बाईला घरात आणून तिचा पाहुणचार केला होता.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुणी प्यायलंय का हे?"

मी फांदीशी चाळा करत राहिले.

"किती जणींनी?"

"दोन."

"काही झालं?"

"एकीचं शरीर शुद्ध झालं," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. "नशीब म्हण," एवढंच म्हणाल्या. मग मला बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं ग्रिलवर एक विस्कटलेली, केस न विंचरलेली वेल चढली होती. पांढरी बारीक फुलं लागली होती आणि मंद गोड वास होता. मी वाकले तर माझी ओढणी अडकली. सोडवायला गेले तर बोटातून रक्त. वाकडे, मागे वळलेले काटे.

"ही शतावरी," बाई म्हणाल्या.

खरं सांगते, मला ती आवडली नाही. माझी किती देखणी! पण मी हरलेली बाई असले तरी चिवट आहे. "मग हिचीच दोन मुळं द्या ना," मी म्हटलं. "लेकीला दूध पुरत नाहीये."

"नाही देणार. मी झाडं ओळखते, बाळंतिणी नाही. डॉक्टर काय म्हणाल्या?"

"वरचं दूध द्या."

"मग?"

मी बोटाला रुमाल गुंडाळून निघाले.

परतीच्या मेट्रोत मला बसायला जागा मिळाली, आणि बसल्यावर एकच विचार. जाऊ. महिनाभर रोज एक पेला. तिला काही झालं असतं तर? पुतण्याला काही झालं असतं तर? मी फोन लावला. ती दहिसरला राहते, आवाजावरून काहीतरी तळत होती.

"अगं, एक सांगायचंय. तुझ्या बाळंतपणात मी जी शतावरी दिली ना, ती शतावरी नव्हती."

तिकडे झारा थांबला. "हां."

"हां काय? बुकेतलं गवत होतं ते! मी तुला महिनाभर गवत पाजलं!"

"ताई, तुम्ही कुठे आहात? हळू बोला."

समोरच्या सीटवरची कॉलेजची मुलगी कानातले इअरफोन काढून माझ्याकडे बघत होती. "मला माफ कर गं," मी हळू बोलले.

"माफ कसलं? मी एक थेंबसुद्धा नाही प्यायले."

"म्हणजे?"

"तुम्ही ऑफिसला गेलात की सासूबाई पेला उचलायच्या आणि मागच्या दारी तुमच्याच झाडाला ओतायच्या. म्हणून ते एवढं फोफावलं! मला त्या अळिवाची खीर द्यायच्या."

मेट्रो कुठल्या स्टेशनात शिरली, मला कळलं नाही. "पण पोराचं बाळसं? ते अळिवानं?"

जाऊ मग म्हणाली, "ताई, रागावू नका. तो डब्याच्या दुधावर वाढला. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सासूबाईंनी डबा तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला होता आणि दिवसा बोंडल्यानं पाजायच्या. तुम्ही यायच्या आत बोंडलं धुऊन, पुसून, ट्रंकेत."

बोंडलं! चांदीचं, चोचीचं ते इवलं भांडं मी कित्येक वर्षं दिवाळीत चिंचेनं घासलं होतं, शोभेचं म्हणून.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी सांगणार होते. त्या म्हणाल्या, मोठीक सांगा नको. तिका वायट वाटात. सकाळी उठान इतक्या मायेन करता."

मी फोन कानाला तसाच धरून बसले. त्या घरात मी एकटी शिकलेली होते, आणि माझ्या नाकाखाली दोन बायका एक पोर वाढवत होत्या. एक थेंब न सांडता, माझं मन न दुखवता. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग जे आलं ते ओढणीनं पुसलं. समोरची मुलगी घाईघाईनं इअरफोन परत कानात घालून खिडकीबाहेर बघायला लागली.

"ताई? आहात ना?"

"आहे. तुझं काय तळतेयस ते जळेल, बघ."

घरी पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. लेक पलंगावर बसून पाजत होती, डोळे मिटून. बाळ दोन घोट घेई, सोडी, किंचाळे, परत धरी. माझी चाहूल लागली तसे तिनं फक्त डोळे उघडले.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि स्टूल ओढलं.

"आई! तू चढू नकोस, पडशील!"

"पडले तर पडले. मीच ठेवलाय ना?"

पोह्यांचं पिंप बाजूला करून डबा काढला. उतरताना गुडघा कळवळला, त्याला मी मनातल्या मनात शाबास म्हटलं. चष्मा लावून डब्यावरचं वाचायला बसले. पाणी उकळून कोमट करायचं, आधी पाणी, मग पावडर, चमचा डब्यातलाच. माझ्या हाताला अंदाजाची सवय. चमचा शिगोशीग भरला आणि बाटलीवर नेला.

"सपाट!" पलंगावरून लेक ओरडली. "शीग काढ. चमचा सपाट पाहिजे."

"तुला तिथून दिसतं?"

"तुझा हात माहितेय मला."

मी सुरीच्या पाठीनं शीग उतरवली. बाटली हलवली, मनगटावर थेंब टाकला, आणि लेकीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. ठरल्याप्रमाणे. मला वाटलं होतं तोंड फिरवेल, थुंकेल. आजीच्या बाजूची आहे. पण तिनं बाटलीचं निपल ओठांना लागताच असं काही धरलं की बाटली माझ्या हातून ओढली गेली. घुटूक, घुटूक, घुटूक. श्वास घ्यायला थांबेना. घामानं तिचं कपाळ ओलं झालं.

जन्मल्यापासून तिच्या मुठी आवळलेल्या होत्या. दवाखान्यात, घरी, झोपेतही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकानं सांगत होते, "बघा कशी भांडखोर आहे, आमच्यावर गेली." अर्धी बाटली संपली तशी तिची एक मूठ सैल झाली. मग दुसरी. एक एक बोट हळूहळू सुटत गेलं आणि तळवा माझ्या हातावर उघडा पडला. मऊ, गुलाबी, घडी पडलेला. मी तो पहिल्यांदाच बघत होते.

"अगं," मी लेकीला म्हटलं, "ही भांडत नव्हती गं. हिला भूक लागली होती."

लेकीकडे बघितलं तर ती बसल्या बसल्याच झोपली होती, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून. मी बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवर हात फिरवला. तिनं माझ्या ओढणीवर भलामोठा ढेकर दिला, थोडं दूधही दिलं. लेक उठेल म्हणून मी जागची हलले नाही.